चार तळहातांएवढा रस्ता

गणपतीच्या आदल्या रात्री कोकणात जायला निघालेली गाडी पनवेल सोडते, तेव्हा गाडीतल्या प्रत्येकाचं लक्ष घड्याळाकडे असतं. त्या वर्षी आमचंही होतं. कोलाडच्या पुढे पाऊस असा कोसळू लागला की वायपर पूर्ण वेगानं फिरत असूनही पुढच्या टेम्पोचे दिवे नुसते लाल डाग वाटत होते. रस्ता सरळ होता. काटा सत्तर-पंच्याहत्तरवर होता. आणि एका क्षणी हातातलं स्टेअरिंग एकदम हलकं झालं, पोहरा सुटलेल्या रहाटासारखं. टायरचा नेहमीचा आवाज बंद पडला आणि गाडीखालून नुसता पाण्याचा घोष ऐकू येऊ लागला. पुढचं तोंड हळूच डावीकडे, साइडपट्टीच्या चिखलाकडे वळू लागलं. मी घाबरून ब्रेक दाबला. त्या वेळी करू नये ती हीच गोष्ट. पाण्याचं ते डबकं दहा-पंधरा मीटरच लांब असावं. ते संपलं, चाकांनी डांबर धरलं, गाडी एक हिसका खाऊन सरळ झाली. मागे झोपलेली मुलं जागीसुद्धा झाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी माणगावात टायरच्या दुकानात गाडी दाखवली. दुकानातल्या मुलानं पुढच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. नख जेमतेम टेकलं, आत गेलंच नाही. मग त्यानं नव्या टायरच्या खाचेत तेच नख घालून दाखवलं, तर ते बुडून बोटाचं टोकही आत शिरलं. रात्री काय झालं होतं ते त्या दोन खाचांनी मला सांगितलं. त्यानंतर मी या विषयाचं जमेल तेवढं वाचलं, चालकांशी बोलत राहिलो, आणि हे सगळं लिहून काढावंसं वाटलं. कारण पावसात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना गाडी कशी चालवायची ते माहीत असतं, पण गाडी रस्त्याला कशाच्या जोरावर धरून असते हे माहीत नसतं.

ती धरून असते चार तळहातांच्या जोरावर. टायर केवढाही मोठा दिसला तरी जमिनीला टेकलेला त्याचा भाग आपल्या पंजापेक्षा फारसा मोठा नसतो. बारा-तेरा क्विंटलची गाडी, तिच्यातली माणसं, डिकीतलं सामान, वळणावरचा जोर, ब्रेकचा धक्का, हे सगळं तेवढ्या चार जागांवर पेललेलं असतं. पावसाचं पाणी, मग ते रस्त्यावरचं दोन मिलिमीटरचं असो की ओढ्याचं गुडघाभर, शेवटी एकच काम करतं. ते त्या चार तळहातांखाली शिरू पाहतं.

टायरच्या खाचा त्यासाठीच असतात. चाक पुढे जाताना समोरचं पाणी त्या खाचांतून बाजूला आणि मागे फेकलं जातं आणि रबराला कोरडी जमीन मिळते. हे काम किती मोठं आहे याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. टायरची रुंदी १७ सेंटिमीटर आणि रस्त्यावर पाणी फक्त २ मिलिमीटर धरलं, तरी एका टायरला दर सेकंदाला साडेसात लिटर पाणी हटवावं लागतं. आंघोळीची बादली दोन सेकंदांत रिकामी करण्यासारखं हे काम प्रत्येक पुढचं चाक न थांबता करत असतं. खाचा झिजल्या की पाण्याला जायला वाट राहत नाही. ते टायरच्या पुढे पाचरीसारखं साचतं आणि मग टायरखाली घुसून त्याला उचलून धरतं. गाडी रस्त्यावर धावत नाही, पाण्यावर तरंगत जाते. माझं स्टेअरिंग हलकं झालं ते याच कारणानं. चाकं वळत होती, पण त्यांच्या खाली वळवून घेणारं काही नव्हतं.

विमानं ओल्या धावपट्टीवरून घसरू लागली तेव्हा, १९६० च्या दशकात, अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा कसून अभ्यास केला. त्यातून एक सोपं सूत्र निघालं. टायर कोणत्या वेगाला पाण्यावर उचलला जाईल हे मुख्यतः त्यातल्या हवेच्या दाबावर ठरतं. खाचांच्या खोलीपेक्षा जास्त पाणी साचलेलं असेल, तर त्या सूत्रानुसार ३२ पीएसआय हवा असलेला टायर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो. हवा २४ पीएसआयपर्यंत उतरली असेल तर हाच आकडा ८२ वर येतो. मोटारीच्या रुंद आणि झिजलेल्या टायरच्या बाबतीत प्रत्यक्षात तो याहूनही खाली येऊ शकतो. मी सत्तर-पंच्याहत्तरला तो अनुभव घेतला. ‘पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, पकड चांगली मिळते’ हा सल्ला मी अनेकांकडून ऐकला आहे. तो उलटा आहे. हवा कमी असलेला टायर मधून खचतो आणि पाण्याला आत घेतो. कंपनीनं दाराच्या चौकटीवर लिहून दिलेला आकडा पावसाळ्यात अधिक काटेकोर पाळायचा असतो.

नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. झीज किती चालेल याची मर्यादा १.६ मिलिमीटर, खाचेच्या तळाशी आडवी छोटी उंचवट्याची पट्टी असते, ती टायरच्या पातळीला आली की टायर संपला. पण हा कायद्याचा शेवटचा उंबरठा आहे. पावसासाठी टायर त्याच्या बराच आधी निकामी होतो. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर घेऊन मी आता जुलैत घाट चढणार नाही. टायरच्या बाजूला कोरलेल्या अंकांतले शेवटचे चार तो कधी तयार झाला ते सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. कमी चालवलेल्या गाडीच्या टायरला खाचा भरपूर दिसतात, पण वर्षांगणिक रबर कडक होत जातं आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे चार अंक जरूर वाचावेत.

गाडी तरंगलीच तर काय करायचं? शक्य तितकं कमी. ॲक्सिलेटरवरून पाय हलकेच उचलायचा, ब्रेकला हात-पाय लावायचे नाहीत, स्टेअरिंग ज्या दिशेला जायचं आहे त्या दिशेला सरळ धरून ठेवायचं. वेग थोडा उतरला की टायर आपणहून खाली टेकतो. घाबरून स्टेअरिंग वळवलं, तर तरंगत असताना काहीच घडत नाही, पण चाकांना जमीन मिळते त्या क्षणी ती वळलेली असतात आणि गाडी तिकडे फेकली जाते. पावसातल्या बऱ्याचशा गाड्या दुभाजकावर जातात त्या अशा. घसरण्यापेक्षा सावरण्यातच जास्त घात होतो. क्रूझ कंट्रोल असेल तर पाऊस सुरू होताच बंद करावा, कारण चाकाखालची पकड गेल्याचं ते यंत्र वेळेवर ओळखेलच असं नाही आणि वेग टिकवायला ते रेस देत राहतं.

पाणी कुठे साचतं हे पाहण्याची सवय लागली की रस्ता वेगळाच दिसू लागतो. अवजड ट्रकांनी डांबरावर पाडलेल्या दोन लांब चाकोऱ्या, वळणाचा आतला खालचा कडा, उड्डाणपूल उतरतो तिथला खळगा, दुभाजकाची गटारं तुंबलेली उजवी लेन. पुढची गाडी नुकतीच गेली असेल तर तिच्या चाकांनी पाणी हटवलेल्या पट्ट्या क्षणभर गडद दिसतात. त्याच पट्ट्यांवर आपली चाकं ठेवली तर टायरचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. मात्र त्यासाठी पुढच्याच्या पाठीला चिकटायचं नाही.

मृगाच्या पहिल्या सरीबद्दल वेगळं सांगायला हवं. आठ महिने रस्त्यावर सांडलेलं तेल, रबराचा भुगा आणि धूळ पहिल्या पावसात कालवली जाते आणि त्याचा पातळ, बुळबुळीत लेप तयार होतो. धो-धो पाऊस तो नंतर धुऊन नेतो, पण पहिला अर्धा-पाऊण तास रस्ता शेवाळल्यासारखा असतो. दुचाकीवाल्यांना तर झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे आणि कामाच्या ठिकाणी टाकलेल्या लोखंडी प्लेटासुद्धा पुरतात. उन्हाळाभर कोरड्या रस्त्याची सवय झालेला हात आणि पाय त्या दिवशी जुन्याच हिशोबानं वागतात.

तो हिशोब किती बदलतो ते पाहा. ताशी ८० च्या वेगात चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. तिथून कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३६ मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर ६३. म्हणजे कोरड्यात सत्तरेक मीटर, ओल्यात शंभरच्या जवळ. वेग ५० वर आणला तर ओल्या रस्त्यावरही एकूण ४५ मीटरांत गाडी उभी राहते. आता यात रात्र मिसळा. डिपरवरच्या दिव्यांचा उपयोगी उजेड चाळीस-पन्नास मीटरच पोहोचतो आणि अप्पर लावला तर पावसाच्या धारांवरून तोच उजेड आपल्या डोळ्यांवर परत येतो. म्हणजे पावसाळी रात्री ५० च्या वर गेलेली गाडी दिसणाऱ्या रस्त्याच्या पलीकडे धावत असते. पुढे काय आहे ते तिच्या चालकाला थांबता येईल इतक्या आधी दिसूच शकत नाही. एबीएस असलं तरी हे अंतर फारसं कमी होत नाही. एबीएस चाकं अडकू देत नाही, त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी वळवता येते. पण पकड मुळात जेवढी आहे त्याहून जास्त ते कुठून आणणार? २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीत संकटाच्या वेळी ब्रेक जोरात दाबून तसाच धरून ठेवायचा. पायाखाली थरथर जाणवली तर ती यंत्रणा काम करते आहे असं समजायचं. जुन्या गाडीत मात्र सोडत-दाबत ब्रेक मारण्याची जुनी पद्धतच खरी.

दिव्यांवरून एक तक्रार मनापासून करायची आहे. पाऊस वाढला की एक्स्प्रेसवेवर निम्म्या गाड्या चारही इंडिकेटर लावून पळू लागतात. हेतू चांगला असतो, आपण दिसावं हा. पण मग लेन बदलताना इंडिकेटर दाखवायचा राहत नाही आणि बोर घाटातल्या धुक्यात पुढे लुकलुकणारी गाडी चालती आहे की बंद पडून उभी आहे हे मागच्याला कळत नाही. चारही इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी असतात. चालत्या गाडीला डिपरवरचे हेडलाइट पुरतात, कारण त्यांच्यासोबत मागचे लाल दिवेही लागतात. आतून काचेवर वाफ धरली तर फडक्यानं पुसत बसण्यापेक्षा एसी लावून वारा काचेवर सोडावा. एसी हवेतली ओल काढून घेतो आणि काच मिनिटाभरात स्वच्छ होते.

घाटात पाण्याच्या जोडीला डोंगर असतो. २०१५ च्या जुलैत मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आडोशी बोगद्याजवळ दगड चालत्या गाड्यांवर कोसळून माणसं दगावली. परशुराम, आंबोली, माळशेज ही नावं दर पावसाळ्यात दरडीच्या बातम्यांत येतात. चालकाच्या हाती इथे थोडंच असतं, पण जे असतं ते मोलाचं. रस्त्यावर ताजी माती आणि बारीक खडे पडलेले दिसणं, कड्यावरून येणारं स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, झाडं रस्त्याकडे कललेली दिसणं, ही दरडीची पूर्वसूचना असू शकते. तिथे थांबायचं नसतं. धबधब्याखाली गाड्या लावून फोटो काढणारी कुटुंबं पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण जिथून पाणी पडतं तिथूनच दगड पडतात. वरंध घाट पावसाळ्यात बंद केल्याची पाटी दिसली की तिच्यामागे मागच्या कित्येक वर्षांचा अनुभव असतो. एक-दीड तासाचा वळसा पडला तरी तिच्या पुढे जाऊ नये.

घाटाचं आणखी एक वैशिष्ट्य कोकणातल्या माणसाला पाठ असतं: पाऊस वर पडतो आणि पूर खाली येतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर कोसळलेलं पाणी काही तासांनी महाडच्या सखल भागात उतरतं, मग महाडला तेव्हा पाऊस असो की नसो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदी अशीच भरून वाहत होती. मुंबई-गोवा महामार्गावरचा महाडजवळचा १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल त्या रात्री वाहून गेला आणि दोन एसटी बस व काही मोटारी अंधारात नदीत गेल्या. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेली ती माणसं होती. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आलं की पुलाकडे गेलेल्या गाड्यांचे दिवे पलीकडे निघतच नाहीत. त्यानं धावत जाऊन मागून येणाऱ्या गाड्या अडवल्या. त्या रात्रीच्या चालकांचा काही दोष नव्हता. पूल जागेवर असेल हा भरवसा त्यांनी धरला, तो आपण सगळेच धरतो. जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल उभा राहिला. पण मी त्या जागेवरून जाताना दरवेळी दिव्यांच्या त्या पन्नास मीटरांचा विचार करतो.

सावित्रीसारखा प्रसंग विरळा. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालण्याचा प्रसंग मात्र मराठवाड्यात, विदर्भात, कोल्हापूर-सांगलीकडे दर पावसाळ्यात येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटीची अख्खी बस अशीच पुलावरून वाहून गेली. बस वाहून जाते तिथे मोटारीची काय कथा, असं आपण म्हणतो आणि तरीही समोरचं पाणी ‘गुडघाभरच आहे’ असा अंदाज बांधतो. म्हणून हा हिशोब मी इथे सविस्तर मांडतो.

चार माणसांसह लहान मोटार १२०० किलोची धरू. तिचा तळ जमिनीपासून साधारण १७ सेंटिमीटर वर असतो आणि त्याचं क्षेत्रफळ पाचेक चौरस मीटर. पाणी तळाला लागलं की त्यापुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला ५० लिटर पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे गाडीचं ५० किलो वजन पाणी उचलतं. पाणी ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढं खोल झालं की साडेसहाशे किलो वजन पाण्यानं घेतलेलं असतं. चार तळहातांवर उरतं साडेपाचशे. त्या वजनावर ओल्या फरशीची पकड फार तर सव्वादोनशे किलोचा धक्का सोसू शकते. आता बाजूनं येणारा प्रवाह पाहा. चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त, सेकंदाला दोन मीटर वेगानं येणारं ३० सेंटिमीटर खोल पाणी मोटारीच्या लांब बाजूवर अडीचशे किलोच्या आसपास रेटा देतं. पकड सव्वादोनशेची, रेटा अडीचशेचा. गाडी सरकली. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. हे सगळं ढोबळ गणित आहे. फरशीवर शेवाळ असेल, कठडा नसेल, मधला भाग खचलेला असेल, तर ते आणखी बिघडतं. गढूळ पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की नाही हे काठावरून कुणालाच दिसत नाही. अमेरिकेच्या हवामान विभागाचाही सांगावा हाच आहे: फूटभर वाहतं पाणी लहान मोटारीला तरंगवतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेतं.

महामार्गावर टायरखाली शिरलेलं दोन मिलिमीटर पाणी आणि फरशीवरचं फूटभर पाणी यांचं काम एकच आहे, तळहात जमिनीवरून सुटा करणं. पहिल्यात वेग उतरवला की जमीन परत मिळते. दुसऱ्यात मिळत नाही. तिथे निर्णय काठावरच घ्यावा लागतो आणि तो वाट पाहण्याचाच असतो. आपल्या खडकाळ मुलखातले ओढे जसे चटकन चढतात तसे बहुधा काही तासांत उतरतातही. गावातली माणसं थांबली असतील तर आपणही थांबावं. पुढची जीप गेली म्हणून आपली गाडी जाईलच असं नाही, कारण तिचा तळ उंच आणि वजन जास्त असू शकतं, आणि मधल्या पाच मिनिटांत पाणी वाढलेलं असू शकतं.

शहरातलं साचलेलं पाणी वाहत नाही, पण ते इंजिन मारतं. इंजिनाला हवा लागते आणि ती ओढून घेणारं तोंड बहुतेक मोटारींत बॉनेटच्या पुढच्या भागात असतं. तिथून पाणी आत गेलं की सिलिंडरमध्ये पोहोचतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहू नये, एकदाही नाही. बंद पडली तेव्हा कदाचित काहीच मोडलेलं नसतं. ते आपण चावी फिरवून मोडतो. गाडी ढकलत किंवा ओढून बाहेर काढावी आणि बॅटरीची तार सोडवून मेकॅनिककडे न्यावी. विम्याचंही इथेच अडतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात गाडीचं झालेलं नुकसान मिळत नाही. पूर्ण विम्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाण्यातून इंजिन चालवल्यानं झालेली मोडतोड साधारणपणे धरलेली नसते. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. पॉलिसी मे महिन्यातच काढून वाचलेली बरी.

आणि मग २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांतून निघालेल्या माणसांना पुढे काय वाढून ठेवलं आहे याचा अंदाजच आला नाही. पाणी वाढत असताना अनेक जण गाडीतच थांबले. बाहेर पाऊस, आत कोरडं. थांबणं शहाणपणाचं वाटलं असणार. त्यातले काही बंद गाडीत गुदमरून किंवा बुडून गेले. गाडी ही आसरा वाटते, आणि पाण्यात ती कोणत्या क्षणी पिंजरा होते ते आतल्या माणसाला उमगत नाही.

यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. बाहेर दारावर ६० सेंटिमीटर पाणी चढलं की मीटरभर रुंदीच्या दारावर एकूण १८० किलोच्या आसपास दाब पडतो. आतून ते दार रेटणं घाबरलेल्या माणसाला जमत नाही. म्हणून दार सोडायचं आणि काच धरायची. बटणावरच्या काचा पाणी लागताच बंद पडतात असं नाही, त्या थोडा वेळ चालतात. पण पाणी काचेच्या वर चढलं की दाबामुळे ती घट्ट बसते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेख्ट यांनी खऱ्या मोटारी पाण्यात बुडवून याचा अभ्यास केला आहे. त्यांचं सांगणं असं की हातात साधारण एक मिनिट असतं आणि ते फोन करण्यात घालवू नये. पट्टे सोडा, काचा उघडा, मुलांना आधी बाहेर काढा आणि लगेच स्वतः निघा. काच उघडली नाही तर बाजूची काच फोडायची, तीही मध्यभागी नव्हे, कोपऱ्यात. पुढची मोठी काच दोन थरांत प्लास्टिक घालून चिकटवलेली असते, ती तडकते पण फुटून पडत नाही. अलीकडे काही गाड्यांना बाजूलाही तशाच काचा येतात, म्हणून आपल्या गाडीची काच कोणती आहे ते तिच्या कोपऱ्यातल्या छाप्यावर पाहून ठेवावं. काच फोडण्याची छोटी हातोडी शे-दोनशे रुपयांना मिळते. ती डिकीत नव्हे, चालकाच्या हाताशी हवी. पाणी थोडंच असून वाहतूक तुंबली असेल, तरी सायलेन्सर पाण्यात किंवा चिखलात बुडाला असताना इंजिन आणि एसी चालू ठेवून काचा लावून बसू नये. विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो.

वादळात विजेची तार गाडीवर पडली तर मात्र नियम उलटा. गाडीतच बसायचं, धातूला हात लावायचा नाही, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही आणि वीज तोडल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं. गाडीनं पेटच घेतला तर दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारायची, गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होता कामा नये, आणि पाय न उचलता घासत घासत दूर जायचं.

आणि टक्कर झाली तर? पावसात पहिल्या टकरीपेक्षा दुसरीच जास्त जीवघेणी ठरू शकते. दोन गाड्या एकमेकींना घासून थांबतात, माणसं उतरून मधल्या लेनमध्ये वाद घालतात आणि शंभर मीटरांत थांबू न शकणारी तिसरी गाडी येते. गाडी चालत असेल तर ती आधी कडेला घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे (त्यांची खरी वेळ ही) आणि सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. घाटात मात्र कड्याखाली नाही. लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवावा, एक्स्प्रेसवेवर त्याहून लांब. पण तिथवर रस्त्याच्या कडेनं सुरक्षित चालता येत असेल तरच. ११२ वर पोलीस आणि मदत, १०८ वर रुग्णवाहिका, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोटो, गाड्यांचे क्रमांक, पाणी कुठवर होतं, रस्त्याची अवस्था, हे सगळं पंचनाम्याला आणि विम्याला लागतं. पण ते नंतर, जखमी माणसाची सोय लागल्यावर.

मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमानं हा क्रम ठरवूनच दिला आहे. जमाव अंगावर येत असेल किंवा परिस्थितीच हाताबाहेर असेल तर गोष्ट वेगळी, एरवी जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे चालकाचं पहिलं कर्तव्य. पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवायचं आणि विमा कंपनीलाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेनुसार अपघातातल्या जखमीवर पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतात. खिशात पैसे नाहीत म्हणून कुणाला रस्त्यावर ताटकळत ठेवण्याचं कारण उरलेलं नाही.

वाटेत दुसऱ्याचा अपघात दिसला आणि नंतर कोर्टकचेरी मागे लागेल म्हणून पाय मागे आला, असं अनेक चांगली माणसं सांगतात. त्यांची भीती खोटी नव्हती. वर्षानुवर्षं तसं घडत आलं होतं. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये आणि कायद्यातल्या दुरुस्तीनं २०१९ मध्ये ती दूर केली आहे. १०८ ला फोन लावून, रुग्णवाहिका येईपर्यंत भर पावसात रस्त्याच्या कडेला अनोळखी जखमीच्या डोक्यावर छत्री धरून बसलेल्या माणसाला आता पोलीस किंवा इस्पितळ त्याचं नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही. गाडी आली, स्ट्रेचर आत गेलं, की तो छत्री मिटून आपल्या वाटेनं जाऊ शकतो.